घरात कोणी आहे का?

उद्या डोंगरावर जाताय म्हणे तुम्ही सगळे. रात्रीचे साप-बेडूक शोधायला. जा की, मी कुठे नको म्हणतोय? तुमच्या आईनं मघाशी मला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, "दादा, त्यांना जरा घाबरवून सोडा." आता या वयात मी कुणाला घाबरवणार? मी कवळी काढून ठेवली की नातवंडंसुद्धा हसतात. पण एक घडलेली गोष्ट आहे, ती सांगतो. ऐका आणि मग खुशाल जा.

तो बाहेरचा दिवा बंद कर रे. डोळ्यांवर येतो.

माझा एक साडू आहे. तुमच्या मामीच्या धाकट्या बहिणीचा नवरा. फोटोवाला. बाजाराच्या टोकाला त्याचा स्टुडिओ आणि वर दोन खोल्यांचं बिऱ्हाड. पासपोर्ट साइज, लग्नं, वाढदिवस, शाळेतले गटफोटो, सगळं तोच काढायचा. "हनुवटी जरा वर... अजून थोडी... श्वास सोडा" असं म्हणत म्हणत त्यानं अख्ख्या गावाचे चेहरे टिपले. माणूस बोलायला गोड. फक्त एक होतं, त्याला आपलं नाव व्हावं असं फार वाटायचं. म्हणजे आपल्या सगळ्यांनाच वाटतं. त्याला अंमळ जास्त वाटायचं.

आणि त्याचा जिवाभावाचा दोस्त म्हणजे तिथल्या शाळेतला मास्तर. बारीक अंगाचा, चष्मा, आवाज इतका हळू की वर्गातली पोरं गप्प बसायची ती ऐकू यावं म्हणून. या दोघांना एकच नाद. शनिवारची रात्र आली की गमबूट चढवायचे, कपाळाला बॅटरी बांधायची आणि डोंगरावरच्या पठारावर जायचं. ओहळाकाठी बेडूक, दगडांखाली साप. दोघांच्या बायका म्हणायच्या, यांची खरी लग्नं डोंगराशीच झालीत.

दगडांची त्यांची एक पद्धत होती. फोटोवाला पुढे. हातात लांब दांड्याची आकडी. तिनं तो दगड उचकटून खाली बघायचा. मास्तर मागे. तो उचकटलेला दगड पुन्हा होता तसा बसवायचा. हातानं. मी एकदा विचारलं होतं, "अहो, काठीनं ढकला की." तर म्हणाला, "दादा, काठीनं दगड पडतो, बसत नाही. खाली कुणाचं तरी घर असतं. आपण दार उघडं टाकून जायचं का?"

म्हणून प्रत्येक दगडाशी मागून मास्तर विचारायचा, "घरात कोणी आहे का?"

काही नसलं की पुढून फोटोवाला म्हणायचा, "रिकामं."

मग मास्तर गुडघ्यावर बसून हात घालायचा. रविवारी सकाळी बघावं तर त्याच्या नखांत पठाराची ओली माती भरलेली असायची. इतकी वर्षं असं चाललं. तो स्वतः वाकून बघायचाही नाही. या एका शब्दावर त्याचा हात चालायचा.

आता त्या पठारावर एक फुरसं आहे असं गुराखी सांगायचे. फुरसं माहीत आहे ना? एवढंसं असतं, वीतभर, दीड वीत. पण चावलं की रक्त थांबत नाही. आणि चिडलं की अंगावर अंग घासतं, लाकडावर करवत फिरवावी तशी खरखर येते. हे म्हणे पांढरं होतं. राखेसारखं. कुणी नीट पाहिलेलं नाही, कुणाकडे फोटो नाही. माझा साडू त्याच्यासाठी झुरत होता. मास्तर हसायचा. "दिसलं तर दिसलं. बघू, नमस्कार करू आणि दार लावून घेऊ."

एका शनिवारी माझ्या साडूनं एक दगड आकडीनं उचलला आणि खाली ते होतं.

पांढरं. वेटोळं करून. निजलेलं.

क्षणभराचा खेळ, पोरांनो. याच्या डोक्यात काय आलं, ते त्यानं मला नंतर सांगितलं. मास्तरला कळलं तर तो लगेच दगड लावून घेईल. फ्लॅश मारू देणार नाही, हलवू देणार नाही. आणि काढलाच फोटो, तर दोघांनी शोधलं असं होईल. त्यापेक्षा उद्या सकाळी मोठा कॅमेरा घेऊन एकट्यानं यावं. एवढा विचार करायला किती वेळ लागतो? काहीच नाही. त्यानं दगड हळूच खाली सोडला. तो तिरका बसला, एक कोपरा वर राहिला. हा पुढे चालू लागला.

मागून आवाज आला, "घरात कोणी आहे का?"

हा म्हणाला, "रिकामं."

...

मास्तर ओरडला नाही. नुसता "अरे" म्हणाला. एखादी वस्तू हातातून पडावी तसा.

दवाखान्यात नेलं. सगळं केलं. इंजेक्शनं झाली, बाटल्या लागल्या, मग मोठ्या दवाखान्यात हलवलं. आठवडाभर होता. हिरड्यांतून रक्त यायचं. मी भेटायला गेलो होतो, हा बाहेर बाकड्यावर बसलेला, बुटांवर पठाराची माती तशीच. मला वाटलं, दोस्तासाठी जीव तुटतोय. तुटत होताच, त्यात खोटं काही नाही.

मग हा आत गेला, तेव्हा डॉक्टरांनी मास्तरला विचारलं, "इतका अनुभव असून हात कसा घातलात?" मास्तर म्हणाला, "माझीच चूक. मी बघायला हवं होतं." बोलताना तो याच्याकडे बघत होता.

त्याला कळलं होतं का? कोण सांगणार?

मग मास्तरची बायको याच्याकडे वळली. "भावजी, तुम्ही होतात ना बरोबर? असा कसा हो निष्काळजीपणा केला यांनी?"

खरं सांगायला तीच वेळ होती. खोलीत तिघं-चौघंच होते. आणि माझा साडू म्हणाला, "वहिनी, मी म्हणालो होतो त्याला, आधी बघून घे म्हणून."

मास्तरनं डोळे मिटून घेतले. त्यानंतर तिसऱ्या दिवशी गेला.

पहिला शब्द तोंडातून निसटला होता. मी त्याला एकवेळ माफ करीन. हे दुसरं वाक्य त्यानं विचार करून उच्चारलं. आणि खोट्याला एकदा घरात घेतलं की ते पाय पसरतं. गावात सगळे म्हणू लागले, मास्तर भला माणूस होता, पण बेफिकीर. बायको-पोरीचा विचार नाही केला. हा ऐकायचा आणि मान हलवायचा. पुढे शाळेनं याला बोलावलं, मुलांना सापांचे फोटो दाखवा, माहिती सांगा. हा गेला. मास्तरच्याच वर्गात, मास्तरच्याच फळ्यापुढे उभा राहिला. आणि शेवटी म्हणाला, "तुमच्या सरांनी एका क्षणाचा हलगर्जीपणा केला, बघा काय झालं. तुम्ही असं कधी करू नका." पहिल्या बाकावर मास्तरची मुलगी बसली होती. तिनं मान खाली घातली.

घरी येऊन जेवला नाही म्हणे त्या दिवशी. पण पुढच्या वेळी बोलावलं तेव्हा पुन्हा गेला, आणि पुन्हा तेच बोलला.

हं. पाणी दे जरा.

तर वर्ष झालं. शाळेच्या विज्ञानाच्या खोलीत लावायला बेडकांचे मोठे फोटो हवे होते. ओरडणारा बेडूक, गळ्याचा फुगा फुगवलेला. मुख्याध्यापकबाईंनी याला गळ घातली. हा मास्तर गेल्यापासून रात्रीचा वर गेलाच नव्हता. नाही कसं म्हणणार? फोटो बेडकांचे, जायचं ओहळापर्यंत, अर्ध्या रात्रीत परत. बायकोला म्हणाला, "दार नुसतं लोटून ठेव, मी येतो."

सप्टेंबरातला शेवटचा शनिवार. आदल्याच रात्री अमावास्या होऊन गेलेली. पाऊस आठवडाभर नव्हता, पण पठार अजून ओलं होतं, जागोजाग डबकी. यानं मोटरसायकल पाण्याच्या टाकीपाशी लावली आणि चढून गेला. ओहळाशी बेडकांचा नुसता बाजार भरलेला. टर्र टर्र, टिक टिक, कुठे कुणी शिट्टी घातल्यासारखं. यानं छान फोटो काढले. एक तर असा मिळाला की गळ्याचा फुगा काचेसारखा, आतून उजेड आल्यासारखा. खुश झाला. सामान आवरलं. परत फिरायचं.

पण आकडी हातात होती ना. त्यानं आणली होती. का आणली होती, ते त्यालाच ठाऊक. बेडकांना आकडी लागत नाही.

म्हणाला, आलोच आहे तर दोन-चार दगड बघू.

पहिला दगड उचकटला. खाली मुंग्या. सोडून पुढे गेला. दुसरा. विंचवाचं पिल्लू. तिसरा. आता दगड परत लावायला कोण होतं? उघडे टाकत हा चालला होता.

मागे आवाज झाला. ठक.

जड वस्तू हळूच टेकवावी तसा. याला वाटलं, आपण उलटवलेला दगड घरंगळला असेल. पुढचा उचकटला. चार पावलं गेला.

ठक.

मागे वळून कपाळाचा उजेड टाकला. कुणी नाही. गवत, डबकं, धुक्याची एक पट्टी. पण दगड... त्यानं आत्ता उलटा टाकलेला दगड सुलटा होता. नुसता सुलटा नाही. बसवलेला. कडेचं गवत नीट बाहेर काढून, एकही पातं खाली न चिरडता.

तसे दगड बसवणारा एकच माणूस होता.

"मग पळाले नाहीत का ते?"

पळायला पाय लागतात, बाळा. तो मला म्हणाला, "दादा, मी स्वतःला समजावलं. म्हटलं, आपणच सवयीनं लावला असेल." माणूस स्वतःला काय वाट्टेल ते पटवतो. त्याला तर वर्षभराचा सराव होता. खात्री करावी म्हणून त्यानं अजून एक दगड उचकटला. मुद्दाम. आणि मागे न बघता उभा राहिला.

तेवढ्यात बेडूक थांबले.

सगळे. एकदम. कुणी हात वर करून वर्ग गप्प करावा तसे.

आणि मागून, अगदी हळू आवाजात...

"घरात कोणी आहे का?"

तुम्हाला सांगतो, माझ्या साडूनं त्यानंतर जे केलं ते त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात लाजिरवाणं आहे असं तो स्वतः म्हणतो. त्याला विचारही करावा लागला नाही. दगडाखाली काय आहे ते त्यानं पाहिलंही नव्हतं. तोंडातून आपोआप गेलं.

"रिकामं."

ठक.

मग तो पळाला. आकडी टाकली, पिशवी टाकली. डबक्यातून, चिखलातून. टाकीच्या दिशेनं म्हणून पळाला. पडला. उठला. पुन्हा पळाला. उजेड नुसता हलतोय, गवत, दगड, गवत, दगड. आणि मागून पावलांचा आवाज नाही. काहीच नाही. ते नसणंच मागे येत होतं.

थांबला तेव्हा समोर एक दगड होता.

तिरका बसलेला. एक कोपरा वर.

त्यानं ओळखला. वर्षभर डोळे मिटले की तोच दिसत होता.

त्या फटीतून आवाज येत होता. खर्र... खर्र... खर्र. लाकडावर करवत.

त्याला मागे सरकायचं होतं. सरकता येईना. मान वळवता येईना. कपाळाचा उजेड त्या फटीवर खिळलेला.

आणि त्या उजेडात, उजवीकडून, एक हात आला.

नुसता हात. मनगटापुढे उजेड पोचत नव्हता. बारीक हात. बोटांना खडूनं पडतात तशा भेगा. तो हात दगडाशी गेला. फटीच्या अलीकडे थांबला.

वाट बघत थांबला.

"घरात..."

"...कोणी आहे का?"

कानाशी. याच्या अगदी कानाशी. रागानं नाही हो. रोज विचारायचा तसंच. विश्वासानं.

साडू म्हणतो, "दादा, भीती तिथे संपली. तिथून पुढे मला फक्त लाज वाटली. गळ्यापर्यंत लाज. मला एकच शब्द बोलायचा होता आणि तो येईना."

हात वाट बघत होता.

खर्र... खर्र...

याचे ओठ हलत होते. आवाज नाही.

हात पुढे सरकला. बोटं फटीत वळली...

"आहे!" हा किंचाळला. "आहे रे! आत आहे! हात घालू नकोस! मी बघितलंय, मी तेव्हाच बघितलं होतं, मी खोटं बोललो, हात घालू नकोस..."

हात थांबला.

...

मग हळूच मागे गेला. उजेडाच्या बाहेर.

किती वेळ गेला कोण जाणे. आधी एक बेडूक ओरडला. मग दुसरा. मग सगळा ओहळ. हा गुडघ्यांवर बसून रडत होता. समोर दगड होता, तिरका. खालून कसलाच आवाज नव्हता.

तो घरी गेला नाही. चिखलानं भरलेला, तसाच, उजाडायच्या आत मास्तरच्या दारात जाऊन उभा राहिला. कडी वाजवली. वहिनींनी दार उघडलं, त्याचा अवतार बघून घाबरल्या, आत घेतलं. मुलगी आत झोपलेली. यानं बसायलाही नकार दिला. उंबऱ्यापाशी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पांढरं फुरसं, उद्या एकट्यानं यायचा बेत, तो शब्द. आणि दवाखान्यातलं ते दुसरं वाक्य.

 सांगून झालं तसं वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

मग म्हणाल्या, "म्हणजे त्यांनी तुमच्या शब्दावर हात घातला."

"हो."

"आणि मी वर्षभर रोज त्यांना बोल लावला. पोरगी आजारी पडली तरी, नळ गळला तरी. म्हटलं, तुम्हाला आमची फिकीर असती तर बघून हात घातला असता. रोज, भावजी. पोरीसमोर."

याला वाटलं होतं, त्या रडतील, शिव्या देतील. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"वहिनी, मला माफ..."

"ते नंतर बघू," त्या म्हणाल्या. "मला एकटीला कानात सांगून भागायचं नाही. जिथे जिथे त्यांना नावं ठेवलीत तिथे तिथे जाऊन सांगा. तिच्या वर्गात पहिलं. आता जा."

तो गेला. सोमवारी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेपुढे उभा राहिला आणि बोलला. मुख्याध्यापकबाईंना कुठे बघावं कळेना.  मास्तरची मुलगी यावेळी मान वर करून याच्याकडे बघत होती, सबंध वेळ. त्याला तेही सोसेना. मग औषधाच्या दुकानात सांगितलं, न्हाव्याकडे सांगितलं, चहाच्या टपरीवर सांगितलं. लोक काय, तोंडावर गप्प बसायचे. स्टुडिओत येणं कमी झालं. "हनुवटी वर" म्हणायला त्याला आता जड जातं, असं माझी मेहुणी म्हणते. वहिनी रस्त्यात दिसल्या तर मान हलवतात. माफ केलंय असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. त्यानंही परत विचारलं नाही.

झाली गोष्ट. म्हणजे मला वाटलं होतं, झाली.

गेल्या एप्रिलमध्ये मेहुणीचा फोन आला. "भावजी, एकदा येऊन राहा. मी सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही." मी गेलो. तिनं मला काही सांगितलं नाही. साडूही नेहमीसारखाच, जरा खंगलेला. रात्री आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत झोपायचं ठरलं. झोपायच्या आधी त्यानं मोरीत जाऊन ब्रशनं नखं घासली. घासघासून. मग माझ्यापुढे दोन्ही हात धरले, ट्यूबच्या उजेडात. "बघून घ्या, दादा." मी बघितली. गुलाबी, स्वच्छ. एक कण नाही.

मी दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली उशीखाली घेतली. खिडकीला गज आहेत. रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा नाही. तो शेजारच्या अंथरुणात उताणा, हात छातीवर, संथ घोरत होता. कुशीसुद्धा बदलली नाही.

उजाडलं. दूधवाल्याची घंटा झाली. तो उठून बसला आणि माझ्याकडे न बघता उजवा हात पुढे केला.

एप्रिल महिना होता. वर पठारावर त्या दिवसांत गवताची काडी ओली सापडत नाही.

पाचही नखांत काळी माती भरली होती. ओली. आणि अंगठ्याच्या नखाखाली शेवाळाचा एवढासा तुकडा... हिरवागार.